सीटी-एमआरआयच्या अनुभवावर इमेजिंग इन्फॉर्मेटिक्समध्ये कसं जावं?

प्रश्न – माझ्या मुलीने बी.एस्सी. मेडिकल इमेजिंग टेक्नॉलॉजी केलं असून ती दोन वर्षांपासून कोल्हापुरातल्या एका रुग्णालयात सीटी आणि एमआरआयवर काम करते. बाहेरच्या सेंटरमधून आलेल्या सीडी उघडत नाहीत, उघडल्या तरी काही सीक्वेन्स दिसत नाहीत, अशा अडचणी सोडवण्यात तिला गोडी लागली आहे. ‘इमेजिंग इन्फॉर्मेटिक्स’ हे वेगळं क्षेत्र आहे असं ती म्हणते. नातेवाईक मात्र नोकरी सोडून दोन लाखांचा डेटा सायन्सचा कोर्स करायला सांगतात. काय करावं? – एक पालक

उत्तर – नोकरी सोडू नये, आणि तो कोर्स निदान आत्ता तरी करू नये. मुलगी म्हणते ते क्षेत्र खरंच आहे: स्कॅनच्या प्रतिमा आणि त्यांची माहिती साठवणं, पाठवणं आणि यंत्रायंत्रांत नीट जुळवणं, हे त्याचं काम. सॉफ्टवेअर येणारे पुष्कळ मिळतात. स्कॅन कसा घेतला जातो हे हाताने केलेला आणि वर त्या फाइलच्या पोटात काय लिहिलंय ते वाचता येणारा माणूस मात्र शोधूनही सापडत नाही. तिच्याकडे यातलं पहिलं अर्धं आहे. दुसरं अर्धं घरबसल्या, जवळपास फुकट शिकता येतं.

आधी अडचण कुठे आहे ते पाहू. रेडिओलॉजीच्या प्रतिमांसाठी डायकॉम हे मानक आहे. अमेरिकेतल्या रेडिओलॉजिस्टांची संघटना आणि यंत्रं बनवणाऱ्यांची संघटना यांनी १९८३ मध्ये हे काम हाती घेतलं, १९८५ मध्ये पहिली आवृत्ती काढली आणि १९९३ मध्ये ते डायकॉम या नावाने आलं. भारत सरकारच्या २०१६ च्या ईएचआर (इलेक्ट्रॉनिक आरोग्य नोंदी) मानकांतही प्रतिमांसाठी डायकॉमच आहे. मग मानक असूनही प्रतिमा का अडतात? कारण ‘आमचं मशीन डायकॉम आहे’ याचा अर्थ फार सैल आहे. मानकाचा कोणता भाग मशीन पाळतं, हे त्याच्या कन्फॉर्मन्स स्टेटमेंटमध्ये असतं, आणि खरेदीच्या वेळी तो दस्तऐवज बहुतेक ठिकाणी कोणी उघडत नाही.

तिच्या रोजच्या कामातलंच उदाहरण घ्या: डिफ्यूजन, म्हणजे ऊतींमधलं पाणी किती सहज हलतं ते दाखवणारा एमआरआय. मेंदूच्या डिफ्यूजनमध्ये साधारणपणे बी ० आणि बी १००० अशा प्रतिमा घेतात (बी-व्हॅल्यू म्हणजे त्या हालचालीला प्रतिमा किती संवेदनशील आहे त्याचा आकडा) आणि त्यावरून एडीसी मॅप, म्हणजे त्या हालचालीचा नकाशा, काढतात. कोणती प्रतिमा कोणत्या बी-व्हॅल्यूची, हे फाइलच्या हेडरमध्ये, म्हणजे प्रतिमेसोबतच्या माहितीत, लिहिलेलं असतं. त्यासाठी मानकात आता ००१८,९०८७ हा टॅग, म्हणजे क्रमांक दिलेला रकाना, आहे. पण जुन्या पद्धतीच्या एमआर फाइलमध्ये अशी ठरलेली जागाच नव्हती, म्हणून प्रत्येक कंपनीने स्वतःच्या प्रायव्हेट टॅगमध्ये सोय केली. सीमेन्सची ००१९,१००सी मध्ये, जीईची ००४३,१०३९ मध्ये, फिलिप्सची २००१,१००३ मध्ये. त्यातही जीईच्या काही फाइलींत बी ८०० ऐवजी १००००००८०० असा आकडा दिसतो आणि वरचा भाग वजा करून घ्यावा लागतो.

आता कोणीतरी सीडी देताना रुग्णाचं नाव काढणारं साधन चालवलं आणि त्याने सरसकट सगळे प्रायव्हेट टॅग पुसले, की बी-व्हॅल्यू गेली. प्रतिमा दिसतात, पण दुसऱ्या रुग्णालयात एडीसी निघत नाही. त्याहून वाईट म्हणजे सॉफ्टवेअर अंदाजाने आकडा धरतं तेव्हा. बी ८०० असताना १००० धरली, तर एडीसी २० टक्क्यांनी कमी येतो, आणि कमी एडीसी म्हणजे डॉक्टरांच्या नजरेत ताज्या स्ट्रोकची शंका. हेडरमधला एक आकडा निदानापर्यंत पोचतो तो असा. कन्सोलवर डिफ्यूजन लावलेल्या माणसाला ही चूक पटकन दिसते, नुसत्या प्रोग्रामरला दिसेलच असं नाही.

दुसरा नेहमीचा घोळ एन्हान्स्ड मल्टिफ्रेम फाइलींचा. पूर्वी एक स्लाइस म्हणजे एक फाइल असायची. नव्या पद्धतीत शेकडो फ्रेम एकाच फाइलमध्ये असतात आणि माहिती सगळ्यांची सामाईक आणि प्रत्येक फ्रेमची वेगळी अशा दोन गटांत विभागलेली असते. रचना चांगली आहे, बी-व्हॅल्यूची जागाही त्यात पक्की आहे. पण पॅक्स (रुग्णालयातल्या प्रतिमा साठवणारी आणि दाखवणारी प्रणाली) जुना असेल तर जोडणीच्या बोलणीतच तो हा प्रकार नाकारतो. कन्सोलवर सीक्वेन्स पूर्ण आणि पॅक्सवर काहीच नाही, असं झालं की टेक्निशियनला बोल लागतो. खरं उत्तर लॉगमध्ये असतं.

शिकायला ८ जीबी रॅमचा साधा लॅपटॉप पुरतो. त्यावर ऑर्थँक हा मोफत डायकॉम सर्व्हर दोनदा बसवावा, वेगवेगळ्या एई टायटलने (डायकॉम जोडणीतलं यंत्राचं ओळखनाव) आणि वेगवेगळ्या पोर्टवर. त्याचा डायकॉम पोर्ट मुळात ४२४२ आणि ब्राउझरसाठी ८०४२ असतो, दुसऱ्या प्रतीसाठी दोन्ही बदलावे लागतात. सोबत डीसीएमटीके ही साधनं घ्यावीत: इकोएससीयूने जोडणी तपासायची, स्टोअरएससीयूने फाइल पाठवायची, फाइंडएससीयूने शोधायचं, डीसीएमडम्पने हेडर वाचायचं. इथे हमखास अडणाऱ्या दोन जागा आधीच सांगतो. इको यशस्वी होतो, फाइल जाते, पण फाइंड नाकारलं जातं, कारण विचारणाऱ्याची नोंद ऑर्थँकच्या कॉन्फिगरेशनमध्ये नसते. आणि सी-मूव्हमध्ये, म्हणजे सर्व्हरला प्रतिमा पाठवायला सांगणाऱ्या आज्ञेत, ‘कुठे पाठव’ हे आयपी पत्त्याने नाही, एई टायटलने सांगतात. सर्व्हरकडे त्या टायटलचा पत्ता आणि पोर्ट आधी नोंदलेला नसेल तर प्रतिमा येतच नाहीत. टायटल १६ अक्षरांपर्यंतच चालतं, आणि लहान-मोठ्या लिपीचा फरकही धरला जातो.

हे जमलं की पायथॉन ही प्रोग्रामिंगची भाषा आणि तिच्यातून डायकॉम फाइल वाचणारं पायडायकॉम. शंभर फाइलींमधून बी-व्हॅल्यू, स्लाइसची जाडी आणि सीरिजचं नाव काढून तक्ता करता आला, तर सुरुवातीला तेवढं पायथॉन पुरे. सरावाला द कॅन्सर इमेजिंग आर्काइव्हमधल्या खुल्या प्रतिमा वापराव्यात. रुग्णालयातल्या फाइली पेन ड्राइव्हवर घरी आणायच्या नाहीत, एकसुद्धा नाही. नाव काढलं तरी जन्मतारीख, अॅक्सेशन नंबर, कधी कधी प्रतिमेतच छापलेलं नाव मागे राहतं.

रुग्णालयात मात्र परवानगी घेऊन एक काम आजपासून करता येईल. तपासण्यांच्या नावांची यादी काढायची. ‘सीटी ब्रेन प्लेन’, ‘एनसीसीटी हेड’, ‘सीटी हेड विदाउट’ ही एकाच तपासणीची तीन नावं असतात, आणि त्यामुळे जुना स्कॅन नव्याशेजारी आपोआप लागत नाही. त्यांना लॉइंक (तपासण्यांच्या प्रमाणित नावांची यादी) आणि आरएसएनए (उत्तर अमेरिकेतली रेडिओलॉजीची संस्था) यांच्या सामाईक रेडिओलॉजी प्लेबुकमधल्या नावांशी जोडलं, की कामाचा पहिला नमुना तयार. रुग्णांच्या नावांचंही पाहावं. ‘दीक्षित’मधला पहिला स्वर एका काउंटरवर एक ‘आय’ने तर दुसऱ्यावर दोन ‘ई’ने लिहिला जातो. देवनागरीत नाव ठेवायचं तर डायकॉममध्ये यूटीएफ-८, म्हणजे आयएसओ_आयआर १९२ असं नमूद करावं लागतं आणि पलीकडच्या यंत्रालाही ते वाचता यावं लागतं.

नोकऱ्या तीन वाटांनी मिळतात. मोठ्या रुग्णालयात पॅक्स अॅडमिनिस्ट्रेटर, पॅक्स पुरवणाऱ्या कंपनीत अॅप्लिकेशन किंवा इंटिग्रेशनचं काम, आणि रेडिओलॉजीत एआय करणाऱ्या कंपन्यांत प्रतिमांचा डेटा तपासून देण्याचं काम. मुंबईची क्युअर डॉट एआय आणि पुण्याची डीपटेक ही या तिसऱ्या क्षेत्रातली नावं. पहिल्या वाटेला इंजिनिअरिंगची पदवी नसणं सहसा आड येत नाही. पॅक्स रात्री दोनला बंद पडला तर फोन अॅडमिनिस्ट्रेटरला येतो, हे घरच्यांनी आधीच धरून चालावं. इंटिग्रेशनसाठी एचएल७ आणि फायर ही आरोग्य-माहितीच्या देवाणघेवाणीची मानकं शिकावी लागतील. आयुष्मान भारत डिजिटल मिशनसाठीच्या फायर प्रोफाइल पुण्याच्या सी-डॅकमधल्या ईएचआर मानकांच्या राष्ट्रीय केंद्राने काढल्या आहेत, आणि त्यात इमेजिंग स्टडीचीही प्रोफाइल आहे. या प्रोफाइल आणि डायकॉमचं मूळ मानक, दोन्ही वाचायला मोफत आहेत. अमेरिकेतलं इमेजिंग इन्फॉर्मेटिक्सचं सीआयआयपी प्रमाणपत्र चांगलं आहे, पण त्याच्या पात्रतेत अनुभवाचे गुण धरतात, म्हणून त्याचा विचार नंतर.

सहा-आठ महिन्यांनी तिच्याकडे दोन सर्व्हरची चालती जोडणी, हेडर काढणारी छोटी स्क्रिप्ट आणि नावांचा तो तक्ता असेल. तेव्हा अर्ज सुरू करावेत. डेटा सायन्सचा प्रश्न त्यानंतर घ्यावा, आणि तोही तिला प्रतिमांच्या विश्लेषणाकडे वळावंसं वाटलं तरच. या आठवड्यात तिने एवढंच करावं: आपल्या एमआरआयचं मॉडेल आणि सॉफ्टवेअर आवृत्ती पाहून त्याचं कन्फॉर्मन्स स्टेटमेंट कंपनीच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्यावं, आणि एन्हान्स्ड एमआर त्यात पाठवता येतं का, हे शोधावं.