इन्स्टॅबिलिटीचा इशारा आला म्हणून सपोर्ट वाढवू नका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: स्टॅड प्रो या स्ट्रक्चरल अ‍ॅनालिसिसच्या सॉफ्टवेअरमध्ये तीन मजली आरसीसी फ्रेम केलीय. रन पूर्ण होतो, पण आउटपुटमध्ये एका जॉइंटला एफवाय (उभ्या) दिशेत 'इन्स्टॅबिलिटी', म्हणजे अस्थिरता, दाखवतो आणि तिथल्या दुय्यम बीमचं डिफ्लेक्शन (वाकणं) लाखो मिलिमीटर येतं. त्या जॉइंटला पिन सपोर्ट दिला की सगळं सुरळीत होतं, तर तसाच ठेवू का?

अजिबात ठेवू नका. जागेवर जिथे काहीच नाही तिथे आधार दाखवलात, की त्या बीमचा भार कॉलममध्ये उतरायच्या ऐवजी त्या हवेतल्या सपोर्टात गडप होतो आणि खालचं फुटिंग कमी भारावर डिझाइन होतं.

रन पूर्ण झाला याचंही फार कौतुक नको. इशाऱ्यासोबतचा मजकूर वाचा: 'प्रॉबेबल कॉज सिंग्युलर, अ‍ॅडिंग वीक स्प्रिंग'. प्रोग्रामला तिथे स्टिफनेस (हालचालीला होणारा विरोध) सापडला नाही, म्हणून त्याने आपल्या मनानेच एक लेचीपेची स्प्रिंग लावून गणित पुढे रेटलं. ते लाखो मिलिमीटर त्या स्प्रिंगचे आहेत.

एफवाय आहे म्हणजे माझा पहिला संशय जोडणीवर. तुमच्या दुय्यम बीमला एका टोकाला मोमेंट रिलीज (टोक मोकळं फिरू देणारी जोडणी) असेल आणि दुसरं टोक मुख्य बीमला जोडलेलंच नसेल, तर तो बिजागरीवरच्या फळीसारखा खाली पडणार. स्क्रीनवर दोन्ही बीम टेकलेले दिसतात, पण स्टॅडमध्ये दोन मेंबर जोडले जातात ते फक्त सामाईक नोडने (म्हणजे जॉइंटच्या बिंदूने). नोड नंबर चालू करून तिथे भरपूर झूम करा. एका नंबरऐवजी दोन दिसले, तर कॅडमधून आणताना रेषा दोन-तीन मिलिमीटर सरकलीय. नोड मर्ज करा. मर्ज करताना टॉलरन्स (किती अंतरातले नोड एक धरायचे ती मर्यादा) सैल ठेवू नका, नाहीतर खरोखर वेगळे असलेले जवळचे नोडही एक होतील. मुख्य बीम मॉडेलमध्ये त्या जागी दोन मेंबरमध्ये विभागलेलाच नसेल, तर तिथे नोड घाला.

(इशारा एमएक्सचा, म्हणजे एक्स अक्षाभोवती फिरण्याचा, असता आणि बीम ग्लोबल एक्सला समांतर असता, तर आधी दोन्ही टोकांचं टॉर्शन (पीळ) रिलीज बघायला सांगितलं असतं.)

खरी भीती इशारा न देणाऱ्या चुकांची. स्लॅबच्या प्लेट्स मेश केल्या (छोट्या तुकड्यांच्या जाळीत विभागल्या) आणि खालचा बीम अखंडच राहिला, तर स्लॅब त्या बीमला फक्त टोकांना जोडलेला राहतो. रन स्वच्छ, बीमचे मोमेंट मात्र संशयास्पद कमी. मेशच्या प्रत्येक नोडवर मॉडेलमधला बीम तोडावा लागतो. १९९१ मध्ये नॉर्वेत स्लाइपनर-ए या समुद्रातल्या तेल-वायू प्लॅटफॉर्मचा काँक्रीटचा तळ बुडाला, तेव्हाही संगणकाने आकडे दिलेच होते. सदोष मेशमुळे भिंतीतला शिअर (कातरबल) सुमारे ४७ टक्के कमी धरला गेला होता.

दुरुस्तीनंतर फक्त सेल्फवेटवर (फ्रेमच्या स्वतःच्या वजनावर) रन करा. घनफळाला २५ किलोन्यूटन प्रति घनमीटरने गुणून हाताने एकूण वजन काढा आणि सपोर्टच्या रिअ‍ॅक्शनच्या बेरजेशी ताडून बघा. मग एखादा बीम निवडा, समजा ६ मीटरचा, आणि त्यावर नुसता २० किलोन्यूटन प्रति मीटर लोड द्या. टोकांच्या दोन्ही हॉगिंग (वर उचलून वाकवणाऱ्या) मोमेंटची सरासरी अधिक मध्यावरचा सॅगिंग (खाली झुकवणारा) मोमेंट २० × ६ × ६ ÷ ८ = ९० किलोन्यूटन-मीटर भरलाच पाहिजे, टोकं पिन असोत की फिक्स. नाही भरला तर आधी लोडचं युनिट तपासा, मग त्या लोडकेसमध्ये बीमवर आणखी काही चढलंय का ते.