'च्यायला'तली आई

एका आईचा प्रश्न आहे: "माझा सातवीतला मुलगा उठता-बसता 'च्यायला' म्हणतो. रागावलं तर म्हणतो, ही शिवी नाहीच, सगळेच म्हणतात. ही शिवी आहे का? आणि रोजच्या बोलण्यातून शिव्या घालवूनच टाकाव्यात का?"

शिवी आहे. मूळ बोल 'त्याच्या आयला'. त्यातला 'त्या' गळला, उरलेला 'च्या' आयला जाऊन चिकटला आणि 'च्यायला' झालं. 'तिच्या आयला'पासून झालेल्या 'तिच्यायला'त सुरुवातीचा 'ति' अजून शाबूत आहे. शेवटचा 'ला' हा कर्माचा प्रत्यय, म्हणजे पुढे क्रियापद येणार होतं. ते कोणतं, हे मोठ्यांना सांगायला नको. कोणाच्या आईला, ते गेलं. तिचं काय करायचं, तेही गेलं. मधली आई तेवढी राहिली.

शब्द झिजतात आणि त्यांचं विष उतरतं, हे खरं आहे. 'शिंच्या' घ्या. हा 'शिंदळीच्या'चा आखडलेला अवतार, आणि शिंदळ म्हणजे व्यभिचारी बाई. पण कोकणातले आजोबा नातवाला "इकडे ये रे शिंच्या" म्हणत, तेव्हा त्यात माया असे आणि ती नातवाला कळे. तिथे आई कुणाला ऐकूच येत नाही. 'च्यायला'चं तसं नाही. तुमच्या घरी आईला 'आई' म्हणत असतील, तर 'आय' कानाला खटकत नाही, एवढंच. शाळेत माझ्या बाकावरचा एक मुलगा आईला 'आय' म्हणायचा. आमचं 'आयला', 'च्यायला' रोज ऐकून तो एकदा म्हणाला, "माझ्या आयनं काय केलंय तुमचं?" त्या दिवसापासून मला तो शब्द नुसता उद्गार वाटलेला नाही.

'शिवीगाळ'मधला गाळ नदीतला नव्हे, हेही सांगून टाकतो. संस्कृतात 'गालि' म्हणजे शिवी; हिंदीतली गाली तीच आणि आपली गाळही तीच. 'गधेगाळ' नावाचे जुने दगड महाराष्ट्रात ठिकठिकाणी सापडतात. दिलेलं दान कुणी मोडू नये म्हणून त्यांवर शिवी कोरलेली असते किंवा तिचं चित्र. शिलाहार राजा अपरादित्याच्या ११८७ सालच्या परळच्या शिलालेखाचा मजकूर संस्कृत आहे, पण शिवी मराठीत आहे, सगळ्यांना कळावी म्हणून. दान मोडणाऱ्याच्या आईला त्यात गाढवाच्या हवाली केलं आहे. गुन्हा करणार मुलगा, भोगणार ती. आठशे वर्षांपूर्वीची ही वाक्यरचना आजही रिक्षास्टँडवर जशीच्या तशी ऐकू येते.

माझी अडचण इथे आहे. राग यावा, तो तोंडातून बाहेर पडावा, याला माझी हरकत नाही. सातारा जिल्ह्यात खंडाळा तालुक्यात बोरी आणि सुखेड ही शेजारची गावं आहेत. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी दोन्हीकडच्या बायका ओढ्याच्या दोन काठांवर उभ्या राहून हातवारे करत एकमेकींना शिव्या घालतात. हा 'बोरीचा बार'. शिमग्यातही शिव्यांना मुभा असतेच. जिला शिवी दिली ती समोर आहे, तिलाही तोंड आहे, आणि दिवस ठरलेला आहे. भांडण दोघांचं आणि मार तिसरीला, असं तिथे होत नाही.

रोजच्या शिव्यांत नेमकं तेच होतं. 'रांड' हा संस्कृत 'रण्डा'वरून आलेला, म्हणजे विधवा. 'बोडकी' म्हणजे केशवपन केलेली विधवा. नवरा मेला हाच तिचा अपराध, आणि त्याची शिवी झाली. जातींच्या नावांच्याही आपण शिव्या केल्या. त्या मी इथे लिहीतसुद्धा नाही.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या सौंदाळा गावाने, नेवासा तालुक्यातल्या, नोव्हेंबर २०२४ मध्ये ग्रामसभेत ठराव केला: आईबहिणीवरून शिवी दिली तर ५०० रुपये दंड. दंडाने जीभ किती वळते याबद्दल मी साशंक आहे. पण सरसकट 'शिव्या बंद' न म्हणता 'आईबहिणीवरून' असं त्यांनी नेमकं बोट ठेवलं, ते मला फार मोलाचं वाटतं. माझं उत्तरही तेच: शिवी सोडायची की नाही ते नंतर पाहू, आधी त्या आईला सोडा.

मुलाला चापट मारू नका, दंडही करू नका. 'च्यायला'तली गळलेली अक्षरं कोणती, एवढं त्याला मांडून दाखवा. सातवीतल्या मुलाला ते कळतं. आणि चिडल्यावर त्याच्या हाताशी काहीतरी लागणारच, तेव्हा आजीकडे पाठवा. मेल्या, मुडद्या, गधड्या, नतद्रष्टा, 'तुझं तळपट होवो': तिच्याकडे भरपूर साठा असेल, आणि त्यातला प्रत्येक शब्द ज्याच्यावर राग आहे त्यालाच जाऊन लागतो.