बर्फावरच्या छोट्या तंबूत ऊब कशी टिकवायची?

तुम्ही नुकतेच मिनेसोटात राहायला आला आहात, ऑफिसातल्या मित्राने दोन माणसांचा घडीचा तंबू वापरायला दिलाय आणि दहा वर्षांच्या मुलाला घेऊन गोठलेल्या तळ्यावर मासे धरायला जायचंय. छोटा प्रोपेन हीटर घेतलाय, तेवढा पुरेल का, असं विचारलंय.

हीटर पुरेल. एवढ्याशा तंबूला तो जास्तच होतो, पाच-दहा मिनिटांत जाकीट काढावंसं वाटतं. तरीही दोन तासांत मुलगा "घरी चला" म्हणायला लागेल, कारण तिथली थंडी पायांखालून येते. आमचा इथला हा बारावा हिवाळा. मिल लॅक्स तळ्यावर दर जानेवारीत जातो. पहिली एक-दोन वर्षं माझंही सगळं लक्ष हीटरकडेच असायचं. आता सामान भरताना तो सगळ्यात शेवटी ठेवते.

पायांखाली मुलांच्या खोलीत अंथरतात ते एकमेकांत अडकणारे फोमचे चौकोन टाका, मासे धरायला बर्फात पाडलेल्या भोकांपुरती जागा कापून. उघड्या बर्फावर बसलात तर आतल्या उबेने वरचा थर पाझरतो, पाणी साचतं आणि बुटांचे तळवे ओले होतात. बूट एक नंबर मोठे घ्या. घट्ट बुटांत मोज्यांचे तीन जोड कोंबले की रक्त खेळत नाही आणि पाय आणखी गार पडतात. आत बोटं मोकळी हलली पाहिजेत. हात शेकायच्या त्या छोट्या पुड्या बुटात घालू नका. त्यात लोखंडाची पूड असते, ती हवेतला ऑक्सिजन घेऊन तापते. बुटात हवाच नाही, तर ती विझल्यासारखी होते. खिशात किंवा हातमोज्यात मात्र छान चालतात.

दुसरा शत्रू घाम. किनाऱ्यापासून सामानाची स्लेड ओढत अर्धा मैल गेलं की पाठ भिजते, आणि मग बसल्या जागी जी हुडहुडी भरते ती हीटरने जात नाही. जाकीट स्लेडवर टाका, थोडी थंडी वाजत असतानाच चाला, पोहोचल्यावर अंगात घाला. आतून सुती बनियन नको. ते भिजलं की वाळत नाही. लोकरीचे किंवा पॉलिएस्टरचे थर्मल घाला. तंबूत शिरल्यावर पहिलं काम म्हणजे मोजे बदलणं. कोरडा जोड मी जाकिटाच्या आतल्या खिशात ठेवते, म्हणजे तो उबदारही असतो.

तंबू लावताना पाठ वाऱ्याकडे, दार उलट बाजूला. खालच्या झालरीवर बाहेरून फावड्याने स्नो ओढा. दाराजवळची हातभर झालर मात्र मोकळी सोडा. का, ते सांगते, कारण हे उत्तर मी त्यासाठीच लिहायला बसले आहे.

आमच्या दुसऱ्या हिवाळ्यात बाहेर उणे २६ होतं. झालर चारी बाजूंनी दाबलेली, वरचे दोन्ही झरोके बंद, हीटर मोठा केलेला. छपरावरून मानेवर थेंब पडत होते. मुलगी तेव्हा आठ वर्षांची. कपाळ चोळत म्हणाली, "आई, मला झोप येतेय." माझंही डोकं जड झालं होतं, वाटलं, पहाटे उठलो म्हणून. शेजारच्या तंबूतले एक वयस्कर गृहस्थ आमिषाचे छोटे मासे मागायला आले. त्यांनी चेन उघडून डोकं आत घातलं आणि काही न बोलता आधी हीटर बंद केला, मग मुलीचा दंड धरून तिला बाहेर ओढलं. बाहेर आल्यावर मला ओकारी झाली. डोकं रात्रीपर्यंत ठणकत होतं. तेव्हा आम्ही नुसते घरी आलो. आज तसं झालं तर बाहेर पडताक्षणी ९११ ला फोन करेन, कारण कार्बन मोनॉक्साइड किती अंगात गेलाय ते आपलं आपल्याला कळत नाही.

आपल्याकडे बंद न्हाणीघरात गॅस गीझरमुळे माणसं दगावल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. तोच हा वायू. ना वास, ना रंग. "हीटरला ऑक्सिजन कमी झाला की आपोआप बंद व्हायची सोय आहे" असं खोक्यावर लिहिलेलं असतं, ते खरं आहे, आमच्याही हीटरला होती. पण ती सोय ऑक्सिजन मोजते, मोनॉक्साइड मोजत नाही. म्हणून वरचा झरोका कायम उघडा आणि खाली दाराशी फट, बाहेर कितीही थंडी असो. गेलेली ऊब हीटर भरून काढतो. मोनॉक्साइडचा अलार्म वेगळा घ्या. घरगुती अलार्म बरेचदा ४ अंशांच्या वरच्याच तापमानासाठी बनवलेले असतात, तेव्हा कॅम्परव्हॅनमधे वापरतात तसला बघा आणि खोक्यावरचं तापमान वाचा. कोळसा, शेगडी, बार्बेक्यू आत अजिबात नाही. हीटर चालू ठेवून आत झोपणंही नाही.

हवा खेळती ठेवल्याने ते थेंबही थांबतात. १ पाउंडाच्या सिलिंडरमधला साधारण ४५० ग्रॅम प्रोपेन जळला की पाऊण लिटरच्या आसपास पाणी तयार होतं. ते सगळं वाफ होऊन तंबूतच फिरतं, आणि बाहेर जायला वाट नसेल तर छपराला लागून तुमच्या कपड्यांवर परत येतं. दुलईसारख्या दुहेरी कापडाच्या तंबूत थेंब कमी धरतात. तुमचा एकेरी असेल तर वरच्या फटीचं महत्त्व आणखी जास्त. असा सिलिंडर ४,००० बीटीयूवर (हीटर तासाला किती उष्णता देतो त्याचं हे माप) पाचेक तास आणि ९,००० वर जेमतेम अडीच तास जातो. जळताना तो स्वतः गारठतो आणि ज्योत मंदावते, म्हणून दोन ठेवा आणि आलटून पालटून लावा.

छपराखाली बॅटरीवरचा लहानसा पंखा टांगा. ऐकायला विचित्र वाटेल, पण सगळी गरम हवा डोक्यापाशी जमते आणि पाय गारच राहतात. पंखा ती खाली ढकलतो. एवढ्या स्वस्तात एवढा फरक दुसऱ्या कशाने पडत नाही.

थर्मासमधे चहा, आणि डिंकाचे लाडू. तुपाचं खाल्लेलं थंडीत फार वेळ पुरतं. दारू नको, कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, गरम वाटतं आणि अंगातली उष्णता निघून जाते.

बर्फाबद्दल: राज्याचा नैसर्गिक संसाधन विभाग पायी जायला किमान ४ इंच नवा, पारदर्शक बर्फ सांगतो. पांढरा असेल तर त्याच्या दुप्पट. दुसऱ्यांच्या पाऊलखुणांवर विसंबू नका, जाता जाता स्वतः भोक पाडून मोजा. बर्फ फुटून पाण्यात पडलात तर कडेच्या बर्फात रुतवून वर यायच्या टोकदार मुठींची जोडी दोघांच्याही गळ्यात असू द्या.

पहिल्या खेपेला दोनच तास जा, भर दुपारी. आणि दर अर्ध्या तासाने मुलाचे बूट-मोजे काढून पायाची बोटं तुमच्या हातात धरून बघा. "थंडी वाजतेय का?" एवढं विचारून भागत नाही, कारण दोरी हलायला लागली की मुलं कशालाही "नाही" म्हणतात. बोटं पांढुरकी किंवा बधिर वाटली तर चोळू नका, स्वतःच्या पोटाशी धरून ऊब द्या आणि गळ तसाच सोडून गाडीकडे निघा.