क्लच बसला म्हणून सुमो विकायची का?

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. देवगडजवळ आंब्याच्या कलमांची बाग, डिसेंबर २०११ ची टाटा सुमो. सकाळी क्लच दाबला की पेडल तळाला जातं, दोन-तीनदा पंप केलं की गिअर पडतो, रिव्हर्स टाकताना कर्र आवाज येतो. गॅरेजवाला म्हणतो, गिअरबॉक्स उतरवून क्लचचा पूर्ण सेट बदला, ३५,००० रुपये. भाऊ म्हणतात, सुमो देऊन टाक आणि साडेपाच लाखांची जुनी पिकअप घे. दीड लाखाची एफडी मोड, चार लाख कर्ज काढ.

माझं मत विचाराल तर या आठवड्यात दोन्हींतलं काहीच करू नका.

तुम्ही लिहिलेली लक्षणं क्लच प्लेट झिजल्याची नाहीत. प्लेट गेली की चढावर इंजिन ओरडतं आणि गाडी मात्र पुढे सरकत नाही. फोंडाघाट चढताना असं होतं का, तेवढं आठवून बघा. पेडल पंप केल्यावर वर येतं, याचा अर्थ ऑइलचा दाब टिकत नाहीये: लाइनमध्ये हवा शिरली आहे, नाहीतर मास्टर (पेडलकडचा) किंवा स्लेव्ह (गिअरबॉक्सकडचा) सिलिंडरचे रबर गेलेत. बोनेट उघडून क्लचच्या ऑइलची डबी बघा. पातळी उतरली असेल तर पेडलच्या मागे, चटईखाली हात फिरवा. तिथे ओल लागली तर मास्टर. रात्री गिअरबॉक्सखाली पुठ्ठा ठेवा. सकाळी डाग दिसला तर बहुतेक स्लेव्ह. कुठेच गळती नाही आणि दाबून धरलेलं पेडल हळूहळू खाली जातं, तर संशय मास्टरच्या आतल्या रबरावर. स्लेव्ह सिलिंडर बाहेरच्या बाजूला असतो, त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागत नाही. खर्चातला मोठा फरक इथेच पडतो.

आपल्याकडे हे जास्त होतं, कारण क्लचमध्ये ब्रेक ऑइलच असतं आणि ते हवेतली ओल शोषतं. ओल आत गेली की सिलिंडरला आतून गंज धरतो आणि तो खडबडीतपणा रबर कापतो. डबी रिकामी दिसली म्हणून घरातलं इंजिन ऑइल मात्र ओतू नका, रबर फुगून सगळंच बाद होईल.

माझ्या जुन्या गाडीचा मी फक्त स्लेव्ह बदलून घेतला होता. महिन्याभरात मास्टर गेला, आणि पेटीभर सामान घेऊन भर पावसात तिठ्यावर थांबावं लागलं. मजुरी दोनदा गेली. म्हणून दोन्ही सिलिंडर, रबरी होज आणि नवं ऑइल एकदमच करा. दुसऱ्या गॅरेजकडून याचा लेखी अंदाज घ्या. सांगितलेल्या ३५,००० पेक्षा तो बराच कमी यायला हवा. तोवर पेट्या भरून घाटात जाऊ नका.

पण पैसे देण्याआधी गाडी रॅम्पवर चढवून चेसिस, म्हणजे खालचा सांगाडा, बघून घ्या. खाऱ्या वाऱ्यात क्लचपेक्षा पत्रा आधी संपतो. डिसेंबर २०२६ मध्ये गाडीला १५ वर्षं पुरी होतात, नोंदणीचं नूतनीकरण करावं लागेल. १ एप्रिल २०२२ पासून त्याची फी मोटारीला ५,००० रुपये आहे, वर पर्यावरण कर, आणि गाडी तपासणीतही उतरायला हवी. चेसिस हातोडीने ठोकल्यावर पापुद्रे सुटत असतील तर सिलिंडरवरही पैसे घालू नका, आहे त्या स्थितीत विका. चेसिस धड असेल तर पुढच्या नोंदणीची पाच वर्षं मिळतात.

आता पिकअप. चार लाख, १४ टक्के, चार वर्षं: हप्ता सुमारे १०,९३० रुपये आणि व्याजच सव्वा लाखाच्या आसपास. मला खरी काळजी महिन्यांची वाटते. तुमचा पैसा येतो एप्रिल-मेमध्ये, हप्ता मात्र बारा महिने. ऑक्टोबरपासून फवारणी, मजूर, राखण. त्यात मोहोर गळला तर? तेव्हा हात जाईल तो एफडीकडे, आणि ती तर आधीच मोडलेली असेल. शिवाय पिकअप मालवाहू गाडी, आठ वर्षांपुढची असेल तर दरवर्षी फिटनेस करावं लागतं. भावांनी हा खर्च धरलेला दिसत नाही.

एफडीला हात लावू नका, ताई. दुरुस्ती चालू खात्यातून करा. पुढच्या हंगामात पेट्यांचे पैसे आले की त्यातले ६०,००० वेगळ्या छोट्या एफडीत टाका, सलग दोन हंगाम. मग गाडी घ्यायचीच ठरली तर तेवढं, म्हणजे १,२०,००० रुपयांनी कर्ज कमी लागेल, आणि वर्षाला एकदा, पीक आल्यावर भरायचा हप्ता मिळतो का ते जिल्हा बँकेत विचारता येईल.

पुठ्ठ्यावर डाग कुठे पडला आणि चेसिस कशी निघाली, दोन्ही कळवा. लेखी अंदाजाचा फोटोही पाठवा, रकमेबद्दल तेव्हा नेमकं सांगता येईल.