वाचकांचे प्रश्न : फंडाचे मत कुणासाठी?

प्रश्न : माझी बचत ज्या इंडेक्स फंडात आहे, तो फंड कंपन्यांच्या सर्वसाधारण सभेत पर्यावरण आणि कामगारविषयक ठरावांवर मतदान करतो. हे मतदान विचारपूर्वक होते की केवळ उपचार म्हणून? आणि एखाद्या कंपनीचे वागणे पटत नसेल, तर फंड तिचे समभाग विकून मोकळा का होत नाही?

उत्तर : दुसरा प्रश्न आधी घेतो. इंडेक्स फंड म्हणजे एखाद्या निर्देशांकातील कंपन्यांचे समभाग जसेच्या तसे बाळगणारा फंड; त्याला त्यातली कंपनी मनात आले म्हणून विकता येत नाही. त्यामुळे नाराजी कळवायला व्यवस्थापनाशी बंद दाराआडची चर्चा आणि सभेतील मत एवढेच मार्ग उरतात. चर्चेत जे मान्य होते त्यावर ठराव येतच नाही. म्हणून केवळ मतांची टक्केवारी पाहून फंडाची पारख केली, तर फसगत होण्याचा संभव असतो.

मत देताना फंड, निदान घोषित धोरणानुसार, चांगले काय यापेक्षा गुंतवणूकदाराच्या दीर्घकालीन परताव्याला धोका कशात आहे, हे पाहतो, कारण तो दुसऱ्यांच्या पैशाचा विश्वस्त असतो. ही कसोटी वाटते तेवढी पक्की नाही. ब्लॅकरॉक या मोठ्या अमेरिकी गुंतवणूक कंपनीने २०२१ मध्ये भागधारकांच्या पर्यावरणीय व सामाजिक ठरावांपैकी सुमारे ४७ टक्के ठरावांना पाठिंबा दिला होता, तर २०२४ मध्ये हे प्रमाण ४ टक्क्यांच्या आसपास आले. ठराव अवाजवी तपशिलात शिरतात आणि त्यांत आर्थिक तथ्य कमी असते, असे कारण ब्लॅकरॉकने दिले. मात्र याच काळात अमेरिकेत पर्यावरण व सामाजिक निकष पाहून केलेल्या गुंतवणुकीवर राजकीय टीकेचा भडिमार चालू होता, हेही विसरता येत नाही.

शिवाय अमेरिकेत असे ठराव बहुधा सल्लावजा असतात आणि बहुमताने संमत झाले तरी संचालक मंडळाला बांधून ठेवत नाहीत. खरी धार संचालकांच्या निवडणुकीतल्या मताला असते. २०२१ मध्ये एक्झॉनमोबिल या तेल कंपनीचे जेमतेम ०.०२ टक्के समभाग बाळगणाऱ्या इंजिन नंबर वन या छोट्या फंडाने आपले तीन उमेदवार निवडून आणले, ते मोठ्या संस्थांच्या मतांमुळेच.

नॉर्वेचा सरकारी निधी आपली मते सभेच्या पाच दिवस आधी जाहीर करतो आणि व्यवस्थापनाच्या विरोधात मत देणार असल्यास कारणही देतो. आपल्या फंडाचा मतदान अहवाल मिळवला, तर त्यात फंडाने संचालकांच्या फेरनिवडीविरुद्ध किती मते दिली आणि त्यांची कारणे नोंदवली आहेत का, हे आधी पाहावे.