पार्सल लॉकर, म्हणजे कुरिअरवाला ज्यात पार्सल ठेवतो आणि ग्राहक स्वतः येऊन उचलतो ती कप्प्यांची यंत्रं, कुरिअर कंपनीला खरंच परवडतात का? आणि आपल्याकडे ते फारसे का दिसत नाहीत?

परवडतात, पण कप्पे पटापट रिकामे होऊन पुन्हा भरत राहिले तरच. घरपोच वाटपात पैसा पेट्रोलपेक्षा मिनिटांत जातो: पार्किंग शोधा, लिफ्टची वाट बघा, बेल वाजवा, कुणी नाही, उद्या परत या. लॉकरवर तोच माणूस एकदा गाडी लावतो, स्कॅन करतो, दार उघडतं, खोका आत, दार बंद, पुढचा. पन्नास पार्सलं एका थांब्यात संपतात आणि 'ग्राहक घरी नाही' हा शेराच उरत नाही.

खर्च मात्र आधीच होऊन बसतो: यंत्र, जागेचं भाडं, देखभाल. कप्पा रिकामा असला तरी भाडं चालूच. म्हणून पोलंडमध्ये इनपोस्ट ही लॉकर चालवणारी कंपनी साधारण 48 तासांत पार्सल उचलायला सांगते. एक कप्पा तीन दिवस अडला की तीन दिवसांचा धंदा बुडाला! तिथे 2009 पासून जाळं वाढत वाढत 20 हजार यंत्रांच्या पुढे गेलंय, आणि ते घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर असल्यामुळेच लोक वापरतात. लांबचा लॉकर फुकट दिला तरी कोण जाणार?

आपल्याकडे अडचण वेगळी. मुंबई-पुण्यात सोसायटीचा वॉचमन हाच लॉकर, तोही कुरिअरवाल्याला फुकटात. वर डिलिव्हरी बॉयची मजुरी कमी, त्यामुळे वाचलेल्या मिनिटांची किंमतही कमी. शिवाय कॅश ऑन डिलिव्हरी. लॉकर सुट्टे पैसे मोजत बसत नाही. माझ्या मते मोठी आयटी पार्क आणि कॉलेज हॉस्टेलं सोडली तर इथे हे गणित अजून जुळत नाही.