फ्रेंच कथाकार मोपासांच्या ‘दोरीचा तुकडा’ या कथेत स्वार्थी आणि संशयी नेमकं कोण: मालांदँ, की सगळं गाव?

दोघंही. पण माझ्या मते ज्याचा बळी जातो तो म्हातारा ओशकोर्नसुद्धा त्याच माळेचा मणी आहे, आणि कथेची खरी धार तिथेच आहे.

ज्यांनी १८८३ ची ही कथा वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: नॉर्मंडीतल्या गोदरव्हिलला बाजाराच्या दिवशी ओशकोर्न रस्त्यात पडलेला दोरीचा तुकडा उचलतो. त्याच सकाळी एका शेतकऱ्याचं ५०० फ्रँकचं पाकीट हरवतं. घोड्यांचं साज-सामान बनवणारा मालांदँ सांगतो, पाकीट ओशकोर्नने उचललं, मी पाहिलं. दुसऱ्या दिवशी एक गडी पाकीट आणून देतो, तरी म्हाताऱ्यावरचा आळ जात नाही. लोकांचं म्हणणं असं, की उचललं यानेच, परत मात्र दुसऱ्याच्या हातून केलं.

मालांदँचं सोपं आहे. दोघांचं जुनं भांडण, दोघेही डूख धरणारे. गावाचं काय, ते मात्र मोपासां फार आधी सांगून ठेवतो, बाजाराच्या वर्णनात. शेतकरी गाई चाचपतात, निघून जातात, परत येतात. आपण फसू ही धास्ती सतत मनात, म्हणून विकणाऱ्याच्या नजरेत लबाडी शोधतात आणि जनावरात खोड. इथे संशय हा दुर्गुण नाहीच, ते धंद्यातलं शहाणपण आहे. तीच नजर दुपारी माणसाकडे वळते, एवढंच. त्यामुळे पाकीट मिळाल्याचा पुरावा या लोकांना पुरावा वाटत नाही, डाव वाटतो. एक जण तर कौतुकानेच म्हाताऱ्याच्या पोटावर थाप मारतो: काय बेरकी आहेस रे!

आता ओशकोर्न. संधिवाताने कंबर धरलेली असताना तो फुटकळ दोरीसाठी वाकतो, कारण उपयोगाची वस्तू सोडायची नाही. इथवर काटकसर म्हणा. पण वैऱ्याने आपल्याला उकिरड्यातलं उचलताना पाहिलं याची लाज वाटून तो दोरी घाईने लपवतो आणि आणखी काही हरवल्यासारखं जमिनीवर शोधायचं सोंग करतो. पुढे महापौर त्याला हेच ऐकवतात: चिखलात नाणं पडलंय का, तेही तू बराच वेळ बघत होतास. म्हणजे आरोप खोटा असला तरी त्यातला हा भाग म्हाताऱ्याने स्वतःच्या हाताने पुरवलेला आहे.

शिवाय मोपासां स्पष्ट लिहितो, की लोक म्हणतात तसा डाव करायला आपण समर्थ आहोत, वर त्याची फुशारकीही मारली असती, हे ओशकोर्नला कळतं. स्वतःवरून जगाची परीक्षा करणाऱ्यांच्या गावात तोही तेच करत जगला होता. म्हणून तर तो इतका हादरतो. रोज नवे मुद्दे, नव्या शपथा जोडून तीच हकीकत सांगत सुटतो, आणि बाजू जितकी बारकाईने मांडतो तितका लोकांचा अविश्वास पक्का होतो. शेवटी टवाळ लोक त्याला मुद्दाम ती गोष्ट सांगायला लावतात.

अभ्यासासाठी लिहिणार असाल तर मालांदँवर दोन ओळी पुरेत. बाजाराचा परिच्छेद मात्र पुन्हा वाचा. घाईत बहुतेक जण तो नुसतं वर्णन समजून ओलांडतात.